मोड कोणी द्यायची? कुंभकोणमचा पणम, विजयनगरचा तारा आणि ट्यूडर इंग्लंडची चांदीची चिल्लर

सोळाव्या शतकात कुंभकोणमच्या बाजारात विड्याच्या पानांची एक कवळी घ्यायला निघालेल्या माणसाच्या कनवटीला कोणते नाणे असावे? सोन्याचा पणम असेल, तर एका कवळीला तो फार झाला. दुकानदार एवढी मोड कुठून आणणार? तांब्याचे कासू असतील, तर कवळी मिळेल. पण तेच कासू साठवून सारा भरायला गेले, तर बट्टा कापला जाणार. या दोहोंच्या मधे बसेल असे चांदीचे एखादे लहान नाणे हाताशी असते, तर दोन्ही कामे सोपी झाली असती. तसे नाणे दक्षिणेत होते का, ते कुठे चालत होते आणि जिथे नव्हते तिथे त्याचे काम कोणी केले, याचा हा आढावा.

हा पेच एकट्या कुंभकोणमचा नव्हता. त्याच काळात, म्हणजे १४८५ ते १६०३ या ट्यूडर राजवटीत, लंडनचा पाववालाही त्यातच अडकला होता. इंग्लंडने चांदी धरून ठेवली आणि नाणे बारीक करत नेले. कावेरीच्या खोऱ्याने सोने बारीक केले, खाली तांबे ठेवले आणि मधली जागा सराफावर सोडली. दोन्हीकडे मोड देण्याचा खर्च होताच, आणि तो सर्वांत लहान व्यवहार करणाऱ्याच्या माथी बसला. नाण्यावर कोणता राजा आणि कोणता देव आहे, यावर भरपूर लिहिले गेले आहे. हा खर्च मात्र त्यामागे झाकून गेला.

ट्यूडरांची बारीक चांदी

आधी इंग्लंडकडे पाहू, कारण तिथली कागदपत्रे आणि नाणी दोन्ही मुबलक आहेत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या गवंड्या-सुताराची रोजी साधारण ६ पेन्स होती आणि बिगाऱ्याची ४. पेनी हे चांदीचे नाणे, म्हणजे दिवसाच्या मजुरीत चार ते सहा नाणी हाती पडत. त्यातून पाव, बिअर, मेणबत्त्या घ्यायच्या तर पेनीचेही तुकडे हवेत. अर्धी पेनी आणि पाव पेनी, म्हणजे फार्दिंग, हीसुद्धा चांदीचीच पाडत. नाण्यात जेवढी किंमत तेवढी चांदी असलीच पाहिजे, हा तिथला आग्रह होता.

तो आग्रह आठव्या हेन्रीनेच मोडला. १५४४ पासून त्याने चांदीत तांब्याची भेसळ वाढवत नेली. ती इतकी वाढली, की नाणे वापरात झिजले की राजाच्या मुखवट्याचे नाक आधी घासले जाई आणि खालचे तांबे लाल दिसे. लोकांनी राजालाच ‘तांबड्या नाकाचा’ म्हणायला सुरुवात केली. भाव चढले, चांगली नाणी लोकांनी दडवली आणि खोटी तेवढी बाजारात फिरत राहिली. एलिझाबेथ राणीने १५६० ते ६१ मध्ये भेसळीचे चलन परत घेऊन पुन्हा शुद्ध चांदीचे नाणे पाडले.

या लेखाच्या दृष्टीने मोलाचे आहे ते १५६१ मध्ये आलेले तीन फार्दिंगचे नाणे. व्यास साधारण १४ मिलिमीटर, वजन जेमतेम ०.३९ ग्रॅम. एका बाजूला राणीचा चेहरा आणि त्यामागे गुलाबाचे फूल, दुसऱ्या बाजूला ढाल आणि सन. ते पेनीपेक्षा किंचितच लहान, म्हणून दोन्हींत गफलत होऊ नये यासाठी गुलाब आणि सन घातले. पेनीवर गुलाब नसे. पाऊण पेनीचे नाणे कोणाला कशाला हवे, असे आज वाटेल. पण हिशेब करून पाहा. फार्दिंगची वस्तू घ्यायची आहे, आणि चांदीचे फार्दिंग इतके चिमुकले होणार की बोटातून निसटेल. मग दुकानदाराला पेनी द्यायची आणि तीन फार्दिंग परत घ्यायचे. वस्तू एका फार्दिंगला पडली आणि फार्दिंग पाडावेच लागले नाही. दीड पेनीच्या नाण्यानेही हेच साधे: दीड देऊन एक परत, म्हणजे अर्ध्या पेनीचा सौदा.

युक्ती नामी होती, पण ती चालण्यासाठी दुकानदाराच्या गल्ल्यात तीन फार्दिंगची नाणी सतत हवीत. टांकसाळीला मात्र ती पाडणे परवडत नसे. एक पौंड वजनाच्या चांदीची मोठी नाणी पाडा किंवा बारीक पाडा, चांदीची किंमत तीच. ठोकायची मेहनत मात्र बारीक नाण्यांना कितीतरी पट. त्यामुळे बारीक नाणे नेहमीच कमी पडे. १५८२ नंतर तीन फार्दिंग बंद झाले आणि अर्ध्या पेनीचे पाव ग्रॅम वजनाचे नाणे आले. ते एवढे लहान, की त्यावर राणीचे नाव मावेना. किल्ल्याच्या दाराची जाळी तेवढी उमटवली. फार्दिंगच्या व्यवहारासाठी लंडनचे दुकानदार आपापले शिशाचे बिल्ले देऊ लागले. असा बिल्ला त्याच दुकानात चाले, म्हणजे गिऱ्हाईक तिथेच बांधले गेले. अखेर १६१३ मध्ये पहिल्या जेम्सने तांब्याचे फार्दिंग पाडण्याचा परवाना लॉर्ड हॅरिंग्टन यांना दिला आणि नाण्यात पुरी किंमत असलीच पाहिजे हा आग्रह निदान तळाशी तरी सुटला.

तारा

याच काळात दक्षिण भारतात चांदीचे लहान नाणे होते आणि त्याचे नाव तारा. १४४३ मध्ये विजयनगरात आलेला तैमुरी वकील अब्दुर रज्जाक तिथल्या चलनाची उतरंड स्वच्छ सांगतो. सोन्याचा वराह, म्हणजे आपला होन. त्याचा निम्मा प्रताप. प्रतापाचा दहावा भाग पणम. मग चांदीचा तारा, पणमाचा सहावा भाग. आणि ताऱ्याचा तिसरा भाग तांब्याचा जितल. पणम आणि तारा ही दोन्ही नाणी फार उपयोगी पडतात, असेही तो नोंदवतो.

साठेक वर्षांनी, सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या अखेरीस, इटालियन प्रवासी लुदोविको दी वार्थेमा दक्षिणेत फिरला. त्याचे पुस्तक १५१० मध्ये छापले गेले. तो म्हणतो, एका पर्दावला, म्हणजे होनाला, २० पणम. पणमाला १६ तारे. ताऱ्याला १६ कासू.

दोघांच्या मते होनाला २० पणमच. पण खाली उतरले की आकडे फाकतात. रज्जाकच्या हिशेबाने होनाला १२० तारे आणि ३६० जितल. वार्थेमाच्या हिशेबाने ३२० तारे आणि ५,१२० कासू. साठ वर्षांत तारा एवढा घसरला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही, कारण याच विषयावर तिसरी साक्ष उपलब्ध आहे. चिनी नौदलाबरोबर आलेल्या मा हुआनने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीच्या चलनाचे वर्णन केले आहे आणि तिथे एका पणमाला १५ तारे सांगितले आहेत. म्हणजे मलबारात १५-१६ हा भाव रज्जाकच्या आधीपासूनच होता. वार्थेमाचा मुक्काम कालिकतमध्ये बराच झाला होता. हा फरक काळाचा नसून प्रदेशाचा आहे, असे मानले तर तिन्ही साक्षी जुळतात.

वजनाचा ताळाही घालून पाहता येतो. होन सुमारे ३.४ ग्रॅमचा. सोन्याला दहापट चांदी धरली, तर होनाची ३४ ग्रॅम चांदी होते. तिचे १२० भाग केले तर एक तारा पाव ग्रॅमहून थोडा अधिक. ३२० केले तर ग्रॅमचा दहावा हिस्सा. मलबारचे तारे खरोखरच असे नखावर मावणारे आहेत. विजयनगरचे त्याहून थोराड. एलिझाबेथची अर्धी पेनी आणि रज्जाकचा तारा वजनाने जवळजवळ सारखे निघतात, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पाव ग्रॅमच्या खाली चांदीचे नाणे मोजायचे, जपायचे, ओळखायचे, म्हणजे माणसाच्या बोटांचीच कसोटी लागते.

पणमाबाबतही एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो तुरीच्या डाळीएवढा, वजनाने होनाच्या साधारण दहाव्या भागाचा. पण भावाने विसावा. याचा अर्थ त्यात हीण होते. सोन्याचे नाणे परवडावे म्हणून त्याचे वजन घटवण्याऐवजी सोने घटवले, म्हणजे नाणे निदान बोटांत धरता येते.

नायकांचे कुंभकोणम

आता मूळ जागी येऊ. साधारण १५३२ पासून तंजावरवर नायकांचा अंमल सुरू झाला: सेवप्पा, अच्युतप्पा, रघुनाथ आणि विजयराघव. पहिल्या तिघांचे मंत्री गोविंद दीक्षित यांचे नाव कुंभकोणममध्ये आजही घेतले जाते. महामाहम तलावाभोवतीचे सोळा मंडप त्यांनी बांधवले. त्यांतल्या एका मंडपात तुलाभाराचे शिल्प आहे; तुलेत तोललेले सोने मंडपांच्या कामी लावले, अशी परंपरा सांगते. रामस्वामी मंदिर रघुनाथ नायकाच्या काळचे.

तुलाभारातले सोने ही चलनाच्या उतरंडीची वरची पायरी. खालच्या पायरीवर तांब्याचे कासू होते, देवदेवता, प्राणी, अक्षरे असलेले, आणि संग्रहांत ते भरपूर दिसतात. मधली पायरी, म्हणजे चांदी, जवळपास रिकामी. बारा वर्षांनी येणाऱ्या महामाहमच्या पर्वणीला चहूकडचे यात्रेकरू येत, आणि साहजिकच चहूकडची नाणी. मलबारचा तारा आणि आंध्राचा होन एकाच घाटावर आले, की ते कासूंत बदलून देणारा सराफ लागणारच. त्याच्याजवळ तराजू, कसोटीचा दगड आणि त्या दिवसाचा भाव. होनामागे एखाददुसरा कासू त्याने ठेवला तर होनवाल्याला जाणवत नसे. पण ज्याच्याजवळ मुळात एकच पणम होता, त्याला तो बट्टा पानसुपारीइतका महाग पडे.

चांदी दिसत नाही म्हणजे ती नव्हतीच, असा निष्कर्ष काढण्याआधी थांबावे लागते. जुनी नाणी बहुतेक दोन वाटांनी आपल्यापर्यंत येतात: पुरलेले साठे आणि नद्यांची वाळू. करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात सापडलेल्या नाण्यांनी तामिळ नाणेशास्त्राचे चित्रच बदलले. वाळूत तांबे टिकते आणि चाळणीत अडकते. ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याचा चांदीचा कण चाळणीतून निघून जातो. आणि जी चांदी हाती लागते ती सोनाराकडे वितळते. त्यात १८७८ च्या भूमिगत संपत्तीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तरच कलेक्टरला कळवणे बंधनकारक केले. चिल्लर सापडली तर ती कोणाच्या नोंदीत यायची?

बंदरांतली चांदी

चांदीची ती रिकामी पायरी भरली समुद्रावरून आलेल्यांनी. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. पुढे ‘क्रिस्तपुराण’ लिहून त्याने मराठी वाङ्मयात कायमची जागा मिळवली. १५८३ मध्ये राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती होर्मुझहून कैद करून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला हाच स्टीफन्स धावून आला. ट्यूडर इंग्लंडची माणसे मराठी मुलखात अशी पोहोचली होती, पण त्यांचे नाणे पोहोचले नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा लारी चाले: चांदीची तार दुमडून ठोकलेली, पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. चांदी उत्तम, पण ती व्यापाऱ्याच्या थैलीतली. भाजीवालीच्या कामाची नव्हे.

एलिझाबेथने मात्र जाता जाता एक प्रयत्न केला. १६०० च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि पहिल्या सफरीसाठी पूर्वेकडे चालावी म्हणून खास चांदीची नाणी पाडली गेली. आठ, चार, दोन आणि एक टेस्टर्न. वजने स्पॅनिश रियालांना जुळवलेली. एका बाजूला पुन्हा तीच किल्ल्याच्या दाराची जाळी. पूर्वेत स्पॅनिश रियालच ओळखीचे आहेत, तेच न्यायची परवानगी द्या, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. राणीला आपल्या नावाचे नाणे हवे होते. सर्वांत लहान नाणे साडेतीन ग्रॅमच्या आतले. जेम्स लँकेस्टरच्या जहाजांवरून ती आचे आणि बांतमला गेली, पण बाजाराने ओळख दाखवली नाही. पुढच्या सफरींत कंपनी मुकाट्याने रियाल घेऊन निघाली.

कुंभकोणमच्या परिसरातल्या घडामोडी अधिक बोलक्या आहेत. १६२० मध्ये रघुनाथ नायकाने डॅनिश लोकांशी करार करून तरंगंबाडी त्यांना दिले. सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेला तो करार डेन्मार्कच्या दप्तरखान्यात आहे. कुंभकोणमपासून साठेक किलोमीटरवरच्या या बंदरात डॅनिशांनी सुरुवातीला काय पाडले? शिशाचे कासू. लंडनचा दुकानदार आणि डेन्मार्कचा राजा एकाच उत्तराशी पोहोचले. नंतर डॅनिशांनी पणमाच्या भावाची चांदीची नाणी काढली, फ्रेंचांनी पुदुच्चेरीत काढली आणि इंग्रजांनी मद्रासेत. सोन्याचा पणम अशा रीतीने चांदीत उतरला. मद्रासचा कागदोपत्री भाव होनाला ४२ चांदीचे पणम आणि पणमाला ८० कासू. बाजारात मात्र हा भाव खालीवर होई, आणि त्या चढउतारावर सराफांचे दुकान चाले. १८१८ मध्ये मद्रास इलाख्यात रुपया हे मुख्य नाणे ठरले आणि होन-पणम-कासूंची उतरंड हळूहळू मोडीत निघाली.

मोडी कागद आणि चक्रम

१६७६ च्या सुमारास एकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले आणि कुंभकोणमच्या बाजारात मराठी बोलली जाऊ लागली. चलनात मात्र भोसल्यांनी फारशी उलथापालथ केली नाही. तांब्याचे कासू चालू राहिले, त्यांवर नागरी अक्षरे आली. दप्तरातले हिशेब चक्रम, पणम आणि कासूंत लिहिले गेले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या आणि इतर मोडी कागदांत पगार, पूजा, अन्नछत्र, कारागीर यांच्या खर्चाच्या याद्या आहेत. वरचे आकडे चक्रमांत आणि खालची बारीक बेरीज पणम-कासूंत, हा त्यांचा साचा.

चांदीच्या चिमुकल्या नाण्याचे शेवटचे मोठे प्रकरणही कुंभकोणमच्याच एका मराठी घराशी जोडलेले आहे. सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले. वडील रंगराव त्रावणकोरचे दिवाण होते. स्वतः माधवराव १८५७ ते १८७२ तिथले दिवाण, पुढे इंदूर आणि बडोद्याचे. तंजावरच्या हिशेबात चक्रम पणमाच्या वर असे; त्रावणकोरात मात्र चक्रम म्हणजे पणमाहून लहान चांदीचे नाणे, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आत. १६ कासूंचा चक्रम, ४ चक्रमांचा पणम, ७ पणमांचा सरकारी रुपया. म्हणजे रुपयाला २८ चक्रम. इंग्रजी रुपयाला मात्र साडेअठ्ठावीस. दिवाणाच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक ताळेबंदात हा अर्धा चक्रम ठाण मांडून असे.

असली नाणी हजारोंनी मोजायची कशी? त्यासाठी लाकडी फळी असे. फळीवर ओळीने उथळ भोके कोरलेली, प्रत्येक भोक एका चक्रमाच्या मापाचे आणि जाडीचे. मूठभर चक्रम ओतायचे, फळी हलकेच हलवायची, वर उरलेले तळहाताने निपटायचे. भोके भरली की आकडा तयार. बोटांनी मोजता न येणारे नाणे सुताराने मोजता येण्याजोगे केले. पाव ग्रॅमच्या अडचणीवर लंडनच्या टांकसाळीला जे सुचले नव्हते, ते इथे सुचले. पण ही फळी असे ती सरकारी खजिन्यात आणि सराफाच्या पेढीवर. मजुराला त्याचे चार चक्रम चिमटीनेच उचलावे लागत.

अभ्यास कुठवर आला

या विषयावरच्या लेखनाचे दोन प्रवाह आहेत आणि ते एकमेकांना फारसे भेटत नाहीत. पहिला नाणी ओळखणाऱ्यांचा. वॉल्टर इलियट यांचे ‘कॉइन्स ऑफ सदर्न इंडिया’ (१८८६), टफनेल यांचे संग्राहकांसाठीचे पुस्तक (१८८९), हुल्ट्श यांचे लेख, टी. देसिकाचारी यांचे ‘साउथ इंडियन कॉइन्स’ (१९३३) आणि अलीकडच्या काळातले ‘दिनमलर’चे दिवंगत संपादक आर. कृष्णमूर्ती यांचे काम. नाणे कोणाचे, कधीचे, त्यावर काय आहे, हे यांच्यामुळे कळले. पण यांचा भर राजवंशांवर. मोडीचा प्रश्न त्यांच्या वाटेवर येत नाही.

दुसरा प्रवाह अर्थव्यवहाराचा. कार्लो चिपोला यांनी १९५६ मध्ये युरोपातल्या चिल्लरीच्या टंचाईकडे लक्ष वेधले. सार्जंट आणि वेल्डे यांनी २००२ मध्ये त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा, की बारीक नाणे कमी किमतीच्या धातूचे असावे आणि मागेल त्याला ते मोठ्या नाण्यात बदलून मिळावे. एवढे साधे सूत्र अमलात यायला शतके लागली; इंग्लंडने चांदीला गौण नाणे केले ते १८१६ मध्ये. भारताच्या बाजूने फ्रँक पर्लिन यांनी दख्खनमधल्या तांब्याच्या आणि कवड्यांच्या व्यवहारांतून दाखवले, की खेड्यापर्यंत बाजार पोहोचला होता याचा पुरावा होनात शोधण्यापेक्षा चिल्लरीत शोधावा.

दोन्ही प्रवाह जोडायचे, तर भाव लागतात: अमुक सालच्या अमुक महिन्यात कुंभकोणमला एका पणमाला किती कासू पडले. नाण्यावर हे लिहिलेले नसते. हिशेबाच्या कागदावर असते. आणि तो कागद मोडीत आहे. तामिळ विद्यापीठाने तंजावरच्या मोडी कागदांचे तामिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. महाराष्ट्रात मोडी शिकणाऱ्यांची संख्या वाढते आहे, पण बहुतेकांची नजर पेशवे दप्तराकडे. तंजावरच्या रोजखर्चातून कासूंचे भाव महिनावार काढले, तर दुष्काळात, सुगीत, पर्वणीच्या वर्षी मोड किती महागली हे आकड्यांत दिसेल. अठराव्या शतकाचा असा आलेख हाती आला, की नायकांच्या काळाबद्दल निदान अदमास बांधता येईल.

हा प्रश्न जुन्या काळातच संपला असेही नाही. भारत सरकारने २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून काढली, तेव्हाही धातूचा आणि पाडणावळीचा खर्च किमतीशी जुळत नव्हता. एलिझाबेथच्या टांकसाळीचे गाऱ्हाणे तेच होते. फरक एवढाच, की आता बारीक नाणे मागणारे फारसे कोणी उरले नव्हते. सोळाव्या शतकात मागणारे होते आणि देणाऱ्याला परवडत नव्हते. म्हणून तारा, तीन फार्दिंग, चक्रम यांच्याकडे संग्रहातल्या शोभेच्या वस्तू म्हणून न पाहता, राज्याने आपल्या सर्वांत गरीब गिऱ्हाइकासाठी किती खर्च सोसला याचे मोजमाप म्हणून पाहावे. त्या मापाने ट्यूडर इंग्लंड आणि नायकांचे तंजावर दोघेही उणे पडतात: एकाने नाणे पुरेसे पाडले नाही, दुसऱ्याने भाव सराफाच्या हाती सोडला.